मी एस. उमा झाले तेव्हा

"सकाळपासून पोटात काही नाही ना, मा?"

पहिली शंका मला इथेच यायला हवी होती. तुम्हीच सांगा, तोतरेपणावर उपचार करून घ्यायला आलेल्या मुलीचं पोट रिकामं आहे की भरलेलं, याच्याशी कुणाला काय करायचंय? जीभ काय इडली खाल्ल्यावर एक प्रकारे अडकते आणि उपाशीपोटी दुसऱ्या प्रकारे?

पण शंका येणं वेगळं आणि ती तोंडाने बोलून दाखवणं वेगळं. मी नुसती मान हलवली. नाही खाल्लं. आणि खरंच खाल्लं नव्हतं हो! भीतीने घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता, तिथे इडली कुठली?

"व्हेरी गुड!" आयाबाई म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या भित्रेपणाला शाबासकी दिली. त्या आनंदात मी त्यांच्यामागे निघाले. तिथेच घात झाला.

पण असं मधूनच नको. तुम्हाला कळायचं नाही. जरा मागे जाते.

माझं नाव केतकी कमलाकर काकडे. हसा, हसा! मी तोतरी बोलते आणि माझी जीभ सगळ्यात जास्त अडते ती 'क'ला. आईबाबांनी मोठ्या हौसेने मला तीन 'क' दिले, एकही सवलतीत नाही. बारशाच्या वेळी त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?

तुम्हाला वाटत असेल, तोतऱ्या माणसाला मोठमोठे शब्द जड जात असतील. छे! सगळ्यात जड स्वतःचं नाव. बाकीच्या शब्दांना वळसा घालता येतो. 'कांदा' अडला की मी 'ओनियन' म्हणते. 'कंटाळा' अडला की 'बोअर'. दिवसभर माझ्या डोक्यात हेच चालू असतं, पुढच्या वाक्यात कुठे खड्डा आहे आणि गाडी कुठून काढायची. पण नावाला वळसा कसा घालणार? त्याला पर्यायी शब्द नाही.

मी शोधला. उमा!

काय सुरेख नाव आहे! तोंड उघडलं की बाहेर. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून चेन्नईला नोकरीला आले, तेव्हापासून मी कॉफीच्या काउंटरवर उमा, शिंप्याकडे उमा, खालच्या किराणावाल्याकडे उमा. कुणाचं काही बिघडलं नाही. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मात्र गळ्यात ओळखपत्र असतं, त्यामुळे तिथे नाइलाजाने केतकी. पण तिथे बोलायचंच नसतं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि टाइप करून कळवायच्या. टाइप करताना मी अजिबात अडखळत नाही. टायपिंगमध्ये मी वाघीण आहे.

मग एक दिवस आमचे टीम लीड माझ्या टेबलाशी येऊन प्रेमाने म्हणाले, "केतकी, पुढच्या महिन्यापासून क्लायंटचा रोजचा कॉल तू घ्यायचा. यू विल शाइन!"

शाइन! माझ्या तळहातांना तेवढा घाम सुटला. कॉलची पहिलीच ओळ काय असते ठाऊक आहे? 'हाय, धिस इज केतकी.' तीन आठवडे उरले होते. नाही जमलं तर प्रोजेक्टवरून काढतील, मग नोकरीवरून, मग सातारा, मग मामांनी आणलेली स्थळं, आणि पाहुण्यांचा पहिला प्रश्न, 'मुलीचं नाव काय?' माझी भीती अशीच चालते. एक पाऊल टाकलं की थेट तळघरात.

मग मी उपचार शोधायला बसले. इतकं वाचलं, इतकं वाचलं की विचारू नका! लहानपणी आजीने वेखंड उगाळून मधातून चाटवलं होतं, ते तर होतंच. कुणी म्हणे तोंडात गारगोट्या धरून बोला. (मी दोन धरल्या. एक गिळता गिळता राहिली.) कुणी म्हणे कानात एक यंत्र बसवतात, त्यातून आपलाच आवाज आपल्याला जरा उशिरा ऐकू येतो. दुसऱ्याच आजारांवरच्या गोळ्या तोतरेपणावर देऊन पाहतात म्हणे, आणि त्यांच्या दुष्परिणामांची यादी वाचून मला त्यातले निम्मे परिणाम गोळी न घेताच जाणवायला लागले. आणि एका लेखात लिहिलं होतं की जुन्या काळी युरोपात एक सर्जन तोतऱ्या लोकांच्या जिभेचा तुकडा कापून काढायचा. भूल न देता!

तो लेख वाचायला नको होता. रोज जेवताना जिभेची आठवण यायची.

शेवटी पद्मा अक्कांना सांगितलं. पद्मा अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. घराणं तंजावरचं मराठी, कैक पिढ्या तिकडेच. बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे खाते आणि वाक्य संपता संपता वर चढते.

"कायला भितीस गं?" अक्का म्हणाल्या. "डॉक्टर काय वाघ की काय? स्पीच थेरपी म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलात असते. नुसतं बोलायला लावतात. सेरी, मी येऊ बरोबर?"

मी नको म्हणाले. का नको म्हणाले? तर अक्का माझ्यासमोर डॉक्टरांना माझी सगळी हकिकत सांगतील याची लाज वाटली. बघा, लाजेचं मोल!

तर बुधवारी सकाळी मी एकटी हॉस्पिटलात. तोंडावर मास्क. सगळ्या जगाने मास्क टाकला, मी नाही टाकला. त्यामागे ओठ थरथरतात ते दिसत नाही. काउंटरवर रांग. मागे वीसेक माणसं. (इथून पुढे जे संवाद सांगते ते सगळे तमिळमध्ये झाले. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. त्यामुळे मला जसे समजले तसे सांगते.)

"नेम?"

मी ठरवून आले होते. आज खरं नाव सांगायचं! निदान इथे तरी! तोतरेपणाच्या इलाजाला येऊन खोटं नाव सांगणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तोंड मिटून बसणं.

"के..." मी म्हणाले. आणि 'के'वरच दार बंद. आवाज नाही, श्वास नाही, नुसता आ वासलेला. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघतेय. मागचे काका "श्श्शू" करून सुस्कारा सोडतात. कुणाचं तरी बाळ रडायला लागतं. मला वाटलं तेही माझ्यामुळेच.

"नेम, मॅडम?"

"उमा!"

सुटले एकदाची! पण नाही. इथे तमिळनाडूत आडनाव नसतं हो. आडनाव कुणी विचारतही नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर नावापुढे लावायचं, झालं काम.

"इनिशियल?"

माझे वडील कोण? कमलाकर! पुन्हा 'के'!

"एस," मी म्हणाले. बाबा, माफ करा.

अशी मी एस. उमा झाले. त्या क्षणी मला हे सुचलं नाही की या शहरात उमा नावाच्या बायका आपल्याकडच्या सुनंदांइतक्या आहेत. आणि त्यांतल्या निम्म्यांच्या वडिलांचं नाव सुब्रमण्यम, सुंदरम नाहीतर श्रीनिवासन असतं.

हॉलमध्ये माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. हिरवी सुती साडी, अंबाड्यावर मोगरा, मांडीवर रिपोर्टांची फुगलेली पिशवी. रात्रीपासून उपाशी ठेवल्याबद्दल त्या हॉस्पिटलला, मुलाला आणि देवाला आळीपाळीने बोलत होत्या.

"कॉफीसुद्धा नाही! एक चमचा कॉफीने काय होतंय? तुझं नाव काय गं, पोरी?"

मी हसले आणि गळ्याकडे बोट केलं.

"अय्यो, घसा दुखतो? बोलू नको, बोलू नको," असं म्हणून त्या स्वतःच अर्धा तास बोलल्या. मग पिशवी उचलून बाथरूम शोधायला गेल्या.

आणि त्या वळतात न वळतात तोच आयाबाईंची हाक, "एस. उमा!"

मी उठले. का नाही उठणार? मीच एस. उमा!

"पोटात काही नाही ना?" झालं, तिथपर्यंत तुम्हाला सांगितलंच आहे. 'व्हेरी गुड' झालं आणि आयाबाईंनी मला व्हीलचेअरमध्ये बसवलं.

व्हीलचेअर! मी धडधाकट सव्वीस वर्षांची बाई. पण मला वाटलं, मोठं हॉस्पिटल आहे, पद्धत असेल. लिफ्टमध्ये आयाबाई मला न्याहाळून म्हणाल्या, "वयाच्या मानाने केस छान काळे ठेवलेत हं! तेल कुठलं?"

वयाच्या मानाने? मी लिफ्टच्या आरशात पाहिलं. मास्कवर दोन टरकलेले डोळे. कित्येक दिवस झोप नाही. मनात आलं, खरंच इतकी का मी उतरले?

तिसरा मजला. पडदे लावलेली खाट. मागून नाड्या बांधायचा हिरवा गाऊन. चप्पल काढा, चेन काढा, कपडे या पिशवीत. हातावर पट्टा. तुम्ही म्हणाल, "अगं बाई, बोलायचा क्लास गाऊन घालून घेतात का?" पण तुम्ही माझ्याएवढं वाचलं नव्हतं! वाचून वाचून मला एवढं ज्ञान झालं होतं की कुठल्याही गोष्टीचा अर्थ लावता येत होता. गाऊन? मेंदूचा फोटो काढणार असतील. रक्तदाब? गोळी देण्याआधी बघतातच. उपाशी पोट? अहो, नक्कीच काहीतरी नवीन निघालं असेल.

मग सिस्टर आल्या. हातात फवाऱ्याची बाटली.

"मास्क काढा. आ करा. मोठा आ."

फस्स! फस्स! कडूजहर, वर पिकल्या केळ्याचा वास. "गिळा. दहा मिनिटांत सगळं बधिर होईल. मग डॉक्टर बोलावतील."

बधिर?

आणि झालंच. आधी घसा, मग जिभेचं मूळ, मग मधली जीभ. जणू कुणी माझी जीभ काढून तिथे ओला पायमोजा ठेवला. आणि त्याच वेळी मला तो लेख आठवला. युरोपातला सर्जन. जिभेचा तुकडा. आता फरक एवढाच की हे आधी बधिर करतात!

"थि... थि... थिथ्थ..." मी सिस्टरना हाक मारत होते. माझी नेहमीची जीभ परवडली!

"काही होत नाही, मा. सगळे घाबरतात." त्यांनी माझा खांदा थोपटला, खाटेवर एक कागद ठेवला, "वाचून सही करा," म्हणाल्या आणि पडदा ओढून गेल्या.

कागद तमिळमध्ये. मला तमिळ वाचता येत नाही. पण आकडे सगळ्या जगात सारखेच. वरच्या कोपऱ्यात होतं ६३.

त्रेसष्ट काय? खाट नंबर? वजन? माझं वजन एकोणपन्नास. मग शेजारचा शब्द फोनच्या कॅमेऱ्याने ओळखून घेतला. वय.

खाली इंग्रजी अक्षरांत एस. उमा. त्याखाली एन्डोस्कोपी.

मी तेही शोधलं. घशातून पोटात नळी घालतात. टोकाला कॅमेरा. सोबत चित्र होतं. चित्र बघायला नको होतं.

आता लक्षात आलं? मी दुसऱ्या कुणाच्या तरी खाटेवर, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने, दुसऱ्या कुणाच्या तरी पोटाची तपासणी करून घ्यायला आडवी झाले होते! आणि नाव मीच दिलेलं! उद्या पोलीस आले तरी हॉस्पिटलचं काय चुकलं? त्यांनी विचारलं, मी सांगितलं!

उठून पळाले का नाही म्हणता? गाऊनला मागे नाड्या तीन आणि त्यातली एक तुटकी. पलीकडे माणसांचा वावर. कपड्यांची पिशवी आयाबाईंकडे. साताऱ्यातल्या सात पिढ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. नाही. तशी मी पडद्याबाहेर जाणार नव्हते. मग नळी गेली तरी चालेल. नाही, नळी नको! देवा, नळी नको!

फोन हातात होता. पद्मा अक्कांना लावला. वाजून वाजून थांबला. मेसेज टाकला, 'अक्का धावा, मला चुकून दुसऱ्याची नळी घालतायत.' एकच बरोबरची खूण. अक्का डेटा वाचवायला इंटरनेट संध्याकाळीच चालू करतात.

मग हॉस्पिटलचा मोठा नंबर. जो माणूस फोनला सापासारखा भितो, त्याने सलग दुसरा फोन लावणं म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाही. उचलला कुणी? यंत्राने. गोड बाई म्हणाली, "रुग्णाचं नाव स्पष्ट आवाजात सांगा."

स्पष्ट आवाजात!

"के..."

"माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

"के... के..."

"माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

"के-थ..."

"संपर्काबद्दल धन्यवाद." कट! माणसं फोन आपटतात त्याची मला सवय आहे. पण यंत्रही कंटाळलं?

पडद्यापलीकडे आता गडबड चालू झाली होती. कुणीतरी बाई तावातावाने भांडत होती. माझ्या भाजीवाल्याच्या तमिळमधले दोनच शब्द मला कळले, 'भूक' आणि 'कॉफी'. सिस्टर काहीतरी समजावत होत्या. मग आयाबाईंचा आवाज. मग "आम्ही खाली विचारून येतो" असं काहीतरी, आणि पावलं दूर गेली. आतल्या दारामागून कुणीतरी विचारलं, "नेक्स्ट रेडी?"

नेक्स्ट मी!

कागदाच्या तळाशी एक नंबर छापलेला होता. चौकशीसाठी असावा. मी तो लावला. वाजला, वाजला, बंद. पुन्हा लावला. वाजला, वाजला. त्यात पडद्यापलीकडे कुणाचा तरी फोन सारखा कोकलत होता, त्याने माझं डोकं आणखी उठलं. काय ही माणसं! फोन वाजतोय, उचलायला नको? एखाद्याच्या जिवावर बेतलं असेल! मी मनातल्या मनात त्या फोनच्या मालकाला शिव्या घातल्या आणि माझा नंबर तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा लावला. आतल्या दाराची कडी वाजली. पाचव्यांदा लावला.

पलीकडचं कोकलणं थांबलं.

"हलो!" माझ्या कानात कुणीतरी ओरडलं. "कोण आहे? इथे कुणी नाही! सिस्टर खाली गेली, आया खाली गेली! मी पेशंट आहे, पेशंट! वाजून वाजून डोकं खाल्लंस म्हणून उचलला. काय पाहिजे?"

हा आवाज डाव्या कानात फोनमधून येत होता आणि उजव्या कानात पडद्यातून. पाच वेळा मी चार हातांवरच्या टेबलाला फोन करत होते! आणि आवाज ओळखीचा होता, हिरव्या साडीतल्या त्या आजींना मी चार हातांवरून वैताग दिला होता.

पण उचलला होता. माणसाने उचलला होता! मी डोळे मिटले. आता खरं नाव. आता नाही तर कधीच नाही. मी केतकी, मला चुकून आणलंय, मला सोडवा. एवढंच.

"के..."

"काय?"

"के... के..."

"अय्यो, नाव सांग ना, बाई! कोण बोलतंय?"

घसा बधिर, जीभ पायमोजा, आत डॉक्टर, बाहेर आजी. आणि मी सांगते तुम्हाला, त्या अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून एकच वाक्य न अडखळता बाहेर पडलं. स्वच्छ. खणखणीत.

"उमा बोलतेय. एस. उमा."

मग पडद्याची कडा हळूच सरकली. आधी मोगरा दिसला, मग चष्मा, आणि कानाला रिसीव्हर तसाच.

"एस. उमा मी आहे," आजी फोनमध्येच म्हणाल्या. "तू कोण?"